शांतवनकाकांचा पहिला शनिवार

महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास तुम्ही दारव्ह्यात आमच्या गल्लीत आलात, तर तुम्हाला वाटेल की इथे कोणी राहतच नाही. दारं लावलेली, टीव्ही बंद, पोरं आत कोंडलेली. गॅसवर कुकर असेल तर तोसुद्धा शिट्टी व्हायच्या आत उतरवलेला. आम्ही काही पाहुण्यांना भिणारी माणसं नाही. वऱ्हाडात पाहुणा आला की चहा आधी टाकतात आणि नाव मग विचारतात. आम्ही भितो ते एकाच माणसाला. तो माणूस दारात येतो, चपला बाहेर काढतो, दोन्ही हात जोडतो आणि आपली माफी मागतो.

माफी मागणाऱ्याला कोण घाबरतं, असं तुम्ही म्हणाल. मीही पूर्वी असंच म्हटलं असतं. पण शांतवनकाका ज्या अपराधाची माफी मागतात, तो अपराध आपल्याला माहीतच नसतो. तो त्यांनी मनातल्या मनात केलेला असतो. आणि माफी मागायची तर आधी अपराध सांगावा लागतो. तो ते सांगतात, अगदी तपशीलवार, आजूबाजूचे चार शेजारी कान टवकारून उभे असताना.

आम्ही या गल्लीत राहायला आलो त्या पहिल्याच महिन्यात ते माझ्या दारात उभे राहिले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि माझा आवाज जरा वरचा आहे, हे मला मान्य आहे. पण ते परक्या माणसाने सांगायचं?

"बाई," काका हात जोडून म्हणाले, "मंगळवारी तुम्ही गच्चीवरून माकडाईले हाकलून राह्यल्या होत्या. तुमचा आवाज आयकून मी मनात म्हटलं, ह्या बाईच्या शाळेत घंटा कायले लागते. पाप झालं. माफ करा."

मी आ वासून बघत राहिले. मागे माझे यजमान अविनाश खोकल्याचं निमित्त करून आत पळाले. शेवटी मी म्हटलं, या, चहा घ्या. तर म्हणतात, "पयले माफ केलं म्हना, मंग घेतो." चहा निवत होता. मी म्हटलं, बरं बाबा, केलं माफ. मग ते आत आले, दोन कप चहा प्यायले आणि माझ्या आल्याच्या चहाची इतकी तोंड भरून स्तुती केली की मला वाटलं, हाही एखादा पापाचाच भाग असेल आणि पुढच्या महिन्यात याचीही माफी येईल.

काका म्हणजे साठी ओलांडलेला काटकुळा माणूस. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्याच्यावर वार्निशचे डाग आणि कानावर पेन्सिल. बायको मार्थाकाकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथे भरून मिळतात. मोटर भरणं म्हणजे आतली जळकी तार काढून नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घालणं. वेढे ठरलेले असतात, एक कमी चालत नाही, एक जास्त चालत नाही. बाकीचे कारागीर ते मोजतात. काका ते गातात.

म्हणजे कसं, की अमुक मोटरच्या एका कॉइलला अमुक भजनाची तीन कडवी, तमुक मोटरला दुसऱ्या भजनाची पाच. हात चालतो त्या चालीवर आणि शेवटचा शब्द आला की शेवटचा वेढा आला. मधेच कोणी "काका, माही मोटर झाली का?" असं विचारलं, तर संपलं. काका शांतपणे सगळी तार उलगडतात आणि पहिल्या ओळीपासून सुरू करतात. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतले शेतकरी दुकानाबाहेर टोपी हातात घेऊन कडवं संपायची वाट बघत उभे राहतात. थांबून थांबून काहींना ती भजनं पाठ झाली आहेत. सोयाबीनचा पेरा करताना येशूचं भजन गुणगुणणारा आणि कपाळाला अष्टगंध लावणारा एक म्हातारा मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "चाल चांगली हाय. पेरनी सरळ येते."

दुकानातही माफी सुटत नाही. एकदा माझ्यासमोर एका शेतकऱ्याला मोटर देताना म्हणाले, "भाऊ, ही मोटर काल दुपारीच झालती. तुम्ही फोनवर वरडले म्हून मी म्हटलं, राहू द्या याले एक दिवस तसाच. माफ करा." त्या गृहस्थाचा हरभरा पाण्याविना वाळत होता. त्याने जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, ती मोटर आपल्या सायकलच्या कॅरिअरला बांधली, आठ किलोमीटर त्याच्या शेतात गेले आणि स्वतःच्या हाताने ती विहिरीत उतरवून, पाणी चालू झालेलं बघून परत आले. पुढच्या हंगामात तोच शेतकरी आपल्या भावकीतल्या तिघांच्या मोटारी ट्रॅक्टरमध्ये घालून घेऊन आला.

दोन महिने हा प्रकार बघितल्यावर मी एकदा काकांना सरळ विचारलं, की हे चाललंय काय?

"उद्या पयला रविवार हाय नं, बाई," ते म्हणाले. "चर्चमंधी प्रभुभोजन असते. भाकरीचा एवढुसा तुकडा अन् घोटभर द्राक्षाचा रस. पन त्या तुकड्याले हात लावायच्या आधी पाह्याचं असते, का माह्या मनात कोनाबद्दल काही हाय का, कोनाच्या मनात माह्याबद्दल काही हाय का. असन, तं पयले तिकडं जा, समेट कर, मंग इकडं ये. प्रभूनं सांगून ठेवलं हाय. पयले शेजाऱ्याचं दार, मंग देवाचं दार."

हे शेवटचं त्यांचं पालुपद. मी म्हटलं, तुमच्या चर्चमधले बाकीचे लोक तर असे फिरताना दिसत नाहीत. ते म्हणाले, "ते डोये मिटून मनातल्या मनात करते. मनात चूक केली, मनातच माफी मागली, तं समोरच्याले काय भेटलं?"

मी विषय बदलला. पण लक्षात राहिला तो त्यांचा आवाज. त्या नखाएवढ्या तुकड्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज एकदम खाली आला, भुकेल्या माणसाचा येतो तसा. आमच्याकडे प्रसाद वाटतात तेव्हा मी हात पुढे करते आणि खोबऱ्याचा तुकडा मोठा आला की खूश होते. आपण तो घ्यायला लायक आहोत का, हा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता. या माणसाला दर महिन्याला पडत होता आणि त्यासाठी तो सगळ्या गल्लीच्या शिव्या खात होता.

मग कूलरचं प्रकरण झालं.

मे महिना होता. कूलरची मोटर बंद पडली. अविनाश पंचायत समितीत कारकून आहेत आणि विजेच्या वस्तूंबद्दल त्यांना जेवढा आत्मविश्वास आहे तेवढं ज्ञान नाही. रविवारी त्यांनी मोटर उघडली, दोन तारा जोडल्या, धूर निघाला. "थंड होऊ दे, मग चालेल," असं म्हणून ते झोपले. सोमवारी ते कचेरीत गेल्यावर मी मोटर पिशवीत घालून काकांकडे नेली, भरून आणली, परत बसवून घेतली आणि काकांना बजावलं की हे आपल्या दोघांतच. संध्याकाळी अविनाशनी बटण दाबलं, पंखा फिरला. "बघ, म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले. मी म्हटलं, हो ना. संसारात एवढं करावं लागतं.

पण त्यांनी ते जिथे तिथे सांगायला सुरुवात केली. कचेरीत सांगितलं, माझ्या माहेरी पुसदला फोन करून सांगितलं आणि एक दिवस काकांच्या दुकानात बसून खुद्द काकांनाही सांगितलं. पुढचा पहिला शनिवार आला.

"भाऊ," काका दारात हात जोडून म्हणाले, "परवा तुम्ही सांगून राह्यले होते का कूलर तुम्हीच दुरुस्त केला. मी मान डोलावली अन् मनात हासलो. त्या मोटरचे सारे वेढे माह्या हातचे हाय. बाईनं बोलू नका म्हटलं होतं, मी बोललो नाही. पन हासलो. त्या हासन्याची माफी मागतो."

अविनाश माझ्याकडे बघत होते. मी कूलरकडे बघत होते. समोरच्या घरात कोणीतरी तोंडात पदर कोंबून हसल्याचा आवाज आला. मी त्या दिवशी काकांना सांगितलं, की पुन्हा माझी पायरी चढायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते पायरीच्या खाली उभे. चढले नाहीत, सांगितलं होतं ना. खालूनच म्हणाले, "बाई, कालच्या माफीची माफी मागाले आलो. तुम्ही चिडल्या. आता असाच चर्चमंधी कसा जाऊ?" दूध उतू चाललं होतं. मी आतूनच ओरडले, की केलं माफ, जा आता. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी मीच झोपेतून उठवलं असणार.

गंमत पुढेच झाली. आठवड्याभराने अविनाश जेवताना एकदम म्हणाले, की दोन वर्षांपूर्वी माझी इस्त्री जळाली होती ती शेजारच्या पोराने नाही, त्यांनीच जाळली होती. मग मला सांगावं लागलं की त्यांच्या बहिणीने पाठवलेली साडी मी मोलकरणीला देऊन टाकली. अशी त्या जेवणात बरीच जुनी पापं बाहेर निघाली. घरात खोटं बोलणं अवघड होऊन बसलं, पण झोप बरी लागू लागली.

आमच्या शेजारी सेवंताबाई राहते. ती तांड्यावरची, बंजारा. घरची शेती तांड्यावर आहे, पण नातवंडांच्या शाळेसाठी मुलगा-सुनेबरोबर गावात येऊन राहिली. सोबत तिची एक शेळी आली. काकांच्या दारातलं पपईचं रोप एक दिवस कोणीतरी मुळापासून खाल्लं आणि पहिल्या शनिवारी काका तिच्या दारात.

"ताई, माही पपई गेली तवा मी मनात म्हटलं, ह्या तांड्यावरच्या लोकाईले कुंपन समजतच नाही. मंग कळलं का पपई माकडानं खाल्लती. पन शेळीनं खाल्ली असती तरी म्या साऱ्या लोकाईले नाव ठेवलं, ते लय वंगाळ केलं. माफ करा."

सेवंताबाईने दार लावून घेतलं. मला वाटलं, आता तांड्यावरून माणसं येणार. तीन दिवसांनी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, बासष्ट वर्साची झाली मी. लोक तोंडावर बोलले, पाठीमांगं बोलले. सासूनं बोललं, नवऱ्यानं बोललं, पोलिसानं बोललं. माफी कोनीच नाही मागली. ह्या मानसाले कोन धाडते माह्या दारात, ते पाह्याचं हाय मले."

रविवारी ठेवणीतली साडी नेसून, हातात कोपरापर्यंत बांगड्या घालून ती चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसली. पुढच्या रविवारी पुन्हा. मग दर रविवारी. भजनाचे शब्द येत नव्हते तर चालीवर स्वतःचे गोरबोलीतले, म्हणजे बंजारा बोलीतले, शब्द घालून गाऊ लागली. तांड्यावरची माणसं विचारायला आली, की तुले त्या लोकाईनं काय देलं? ती म्हणाली, "माफी मागली. तुमी देता का?" मुलाने आधी कपाळाला आठ्या घातल्या. पण सेवंताबाईही आता पहिल्या शनिवारी सुनेपुढे हात जोडू लागली, घरातली भांडणं महिन्यातून एकदा का होईना मिटू लागली, तेव्हा तोच तिला मोटरसायकलवर चर्चला सोडायला लागला. गेल्या वर्षी तिने स्वतः चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, मले पान्यात उतरवा आता. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी पेढे वाटले. का वाटले ते मला सांगता येणार नाही, पण मला फार आनंद झाला होता.

काकांना मी विचारलं, की तुम्ही तिला असं काय सांगितलंत? ते गडबडले. "मी काय सांगीन? मी तं तिच्याबद्दल वाईट बोललतो. मी वाइंडिंग करतो, बाई. करंट माह्या हातात नाही."

हे असं सगळं छान चाललं होतं. आणि या जानेवारीत एका रविवारी दुपारी सेवंताबाई भिंतीवरून डोकावली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"बाई, शांतवनभाऊ खातच नाही."

मला कळेना. तिने सांगितलं ते असं. चर्चमध्ये बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. बाप्तिस्मा झाल्यापासून तिलाही प्रभुभोजन मिळतं, म्हणून ती आता पुढे बसते आणि तिथून पुरुषांची बाजू दिसते. भाकरीची ताटली रांगेतून फिरत येते. काकांच्या हातात येते. काका ती दोन्ही हातांनी धरतात, कपाळाला लावल्यासारखी करतात आणि शेजारच्याला देऊन टाकतात. तुकडा घेत नाहीत. तीन महिने ती बघत होती. आधी वाटलं, उपास असेल.

मला तर बसवेना. ज्या तुकड्यासाठी या माणसाने माझा कूलर, सेवंताबाईची शेळी, कोणाकोणाची उणीदुणी गल्लीत मांडली, तो तुकडाच तो घेत नव्हता? मी तशीच दुकानात गेले. रविवार होता, पण मागच्या खोलीत ते आपले पाना-पकड पुसत बसले होते. मी विचारलं.

काकांनी पकड खाली ठेवली. मग म्हणाले, "मारेगावले माहा लहान भाऊ हाय. पौलस. दहा वर्सं झाले, तो माह्याशी बोलत नाही."

आई त्यांच्याकडे असायची. आजारी पडली. त्याआधी दोघा भावांचं कशावरून तरी बिनसलं होतं. कशावरून, ते आता काकांनाही नीट आठवत नव्हतं. आईने अंथरूण धरलं, पौलसचं नाव घेऊ लागली आणि काकांनी त्याला कळवलं नाही. कळवलं ते ती गेल्यावर. तो मारेगावहून पोचला तेव्हा माती होऊन गेली होती.

"चूक माही हाय, बाई. साऱ्या गल्लीनं माफ केलं, तरी एक दार राहूनच जाते. कसा घेऊ तुकडा?"

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी काकांचं दुकान बंद असतं. आम्ही समजत होतो की ते प्रार्थना करत असतील. ते दर महिन्याला पहाटेची पहिली बस पकडत, यवतमाळला गाडी बदलत आणि मारेगावला भावाच्या अंगणात जाऊन उभे राहत. दार उघडत नसे. मग दुपारच्या बसने परत यायचं आणि संध्याकाळी आमच्या दारांपासून सुरुवात. दहा वर्षं. आणि आम्ही कुकर उतरवून, दिवे घालवून बसत होतो. मला माझी इतकी लाज वाटली की तिथेच रडू आलं. काका घाबरले. त्यांना वाटलं, आता याचीही माफी मागावी लागणार.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी किरकोळ रजा टाकली. सेवंताबाईला कोणी बोलावलं नव्हतं, ती आधीच बसस्टँडवर बसली होती. काका नको नको म्हणत होते. पण दोन बायका बसमध्ये चढून बसल्यावर कोणाचं काय चालतं?

मारेगावला पौलसच्या घराच्या ओसरीत कापसाचा ढीग लागला होता. शेजारच्या अंगणातल्या बाईने काकांना बघितलं आणि अगदी सवयीने तांब्याभर पाणी आणून दिलं. "या महिन्यात तिघं जन का?" तिने विचारलं. दार अर्धं उघडं होतं, ते आतून कोणीतरी लोटून घेतलं.

काका अंगणात चपला काढून उभे राहिले. "पौलस, मी आलो. माफ कर बाबू." आत रेडिओचा आवाज मोठा झाला.

मी काही म्हणायच्या आत सेवंताबाई ओसरी चढली आणि तिने दार वाजवलं. बांगड्यांसकट वाजवलं. दार उघडलं. काकांचंच नाक, काकांच्याच भुवया, फक्त अंगाने दुप्पट असा एक माणूस समोर आला.

सेवंताबाईने हात जोडले. "बापा, मी सेवंता, दारव्ह्याची. तुह्या भावाचं आयकलं तवापासून महिनाभर मी तुले मनात शिव्या देऊन राह्यली. आमच्या बोलीतल्या, लय वंगाळ. तुले पाह्यलं बी नव्हतं. उद्या मले प्रभूची भाकर घ्याची हाय. माफ कर."

पौलसने तिला वरून खालपर्यंत बघितलं. "कोनत्या शिव्या?" त्याने शेवटी विचारलं. सेवंताबाईने त्यातल्या दोन सांगितल्या. आतून त्याची बायको हसली. त्यालाही हसू आवरेना, आणि त्या भरात तो म्हणून गेला, "जा, केलं माफ."

मग त्याने अंगणात बघितलं. हसू गेलं. "अन् तू," तो काकांना म्हणाला, "दर महिन्याले माफ कर, माफ कर म्हन्तो. काय झालतं, ते तं कधीच नाही सांगतलं तू मले."

सगळ्या जगाला सगळं सांगणाऱ्या शांतवनकाकांची मान खाली गेली. तशीच मान खाली घालून ते बोलले.

"आईले शेवटी डोयानं दिसत नव्हतं. तीन दिवस तुह्यंच नाव. मले वाटे, करतो सारं मी, अन् नाव याचं काहून? म्हून फोन नाही लावला. शेवटच्या सकाळी तिनं माहा हात धरला. म्हने, पौलस, आला का रे? मी म्हटलं, हो आई, आलो. तिनं माह्या तोंडावरून हात फिरवला. हासली. मंग गेली." त्यांनी आपल्या गालाला हात लावला. "तो हात तुह्या हक्काचा होता. म्या तुह्या नावानं घेऊन घेतला. फोन नाही लावला हे तं साऱ्याईले माहीत हाय. हे कोनाले नाही सांगतलं."

पौलस ओसरीवरच खाली बसला, कापसाच्या ढिगात. दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

"म्हंजे तिले वाटलं, मी आलो?" त्याने विचारलं.

"हो."

"वाट पाहत नाही गेली ती?"

"नाही रे. तू आला असंच समजून गेली."

पौलस रडत होता, लहान पोरासारखा, मोठ्याने. "मी दहा वर्सं हेच धरून बसलो, का ती दाराकडं पाहत पाहत गेली असन," तो म्हणाला. "हे पयलेच काहून नाही सांगतलं, दादा?"

नंतर कोण कोणाला काय म्हणालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी स्वतः पदराने नाक पुसत होते. एवढं आठवतं, की पौलसच्या बायकोने चार ताटं वाढली आणि पौलस काकांना सारखा म्हणत होता, "जेव नं, दादा."

त्या संध्याकाळी गल्लीतली दारं नेहमीप्रमाणे बंद होती. काका कोणाकडेच आले नाहीत. बसमधून उतरले ते सरळ घरी गेले. साडेसातला न राहवून अविनाशच त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "काका, या महिन्यात आमच्याबद्दल काहीच नाही का?" काकांनी खूप विचार केला म्हणे. "असन, भाऊ. पन आठवूनच नाही राह्यलं."

रविवारी मी चर्चमध्ये गेले. मी ख्रिस्ती नाही, अजून कोणत्याच यादीत माझं नाव नाही. पण देव जर कुठे असेल तर तो असल्या माणसाच्या मागेच उभा असणार, असं मला त्या दिवशी पक्कं वाटलं आणि अजून वाटतं. सेवंताबाईने मला आपल्याजवळ पुढे बसवून घेतलं. तिथून पुरुषांची बाजू स्वच्छ दिसत होती.

ताटली निघाली. एका रांगेतून दुसरीत, हातातून हातात. ताटली काकांच्या हातात आली. त्यांनी दोन्ही हातांनी धरली, कपाळाजवळ नेली आणि दहा वर्षांच्या सवयीने शेजारच्याला देऊन टाकली.

सगळं चर्च शांत होतं. त्या शांततेत माझ्या शेजारून सेवंताबाईचा आवाज आला, "ओ भाऊ, घ्या नं."

काकांनी दचकून आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं. शेजारच्या माणसाने ताटली परत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एक तुकडा उचलला. लगेच तोंडात घातला नाही, तळहातावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. पाळकसाहेब पुढचं वाचायचे थांबले. रसाचे पेले घेऊन निघालेला माणूस जागच्या जागी उभा राहिला. घाई कोणालाच नव्हती.